फुकटचं फेशियल

संभाजीनगरच्या ब्यूटी क्लासात फेशियलची परीक्षा होती. गिऱ्हाईक प्रत्येकीनं आपलं आपण आणायचं आणि मॅडम मार्क देणार ते त्या गिऱ्हाइकाला विचारूनच. बिडकीनच्या बौद्धवाड्यातल्या सुलेखाला शोधाशोध करावी लागलीच नाही. फुकट आहे म्हटल्यावर गावातल्या पाटलांच्या द्वारकाकाकू तिच्याही आधी बसस्टँडवर हजर! पुतणीचं लग्न तोंडावर आलं होतं ना.

खुर्चीत आडव्या झाल्यावर काकू अशा विरघळल्या की विचारू नका. सुलेखानं वाफ दिली, गाल चोळले, कपाळ दाबलं, मान मोकळी केली. शेवटी तिनं ओठांवर साखर आणि मध लावला, तर काकूंनी डोळे मिटूनच तिचं बोट चाटलं.

"लई गोड हाय गं! आणखी लाव की."

उठल्यावर काकूंच्या घशाला कोरड पडली. सुलेखानं पिशवीतली पाण्याची बाटली पुढं केली, तसा काकूंचा हात मधेच थांबला.

"घरून भरलीस का गं? मग राहू दे. आमच्यात चालत नाय, तुला ठाऊकच हाय. खालच्या दुकानातून सीलबंद बाटली आण."

मॅडमनी अजून मार्क दिले नव्हते. तरी सुलेखाला गप्प बसवेना.



"आणते की, काकू. तवर चूळ भरून टाका. मध पण माझ्या घरचाच होता."