घोडीचा डावा पाय

यात्रेतल्या शर्यतीत बैलगाड्याच्या पुढे गेनूआबांची घोडी पळायची आणि तिच्यावर आबा स्वतः बसायचे. यंदाची यात्रा येत्या रविवारी होती.

जनावरांच्या डॉक्टर उत्कर्षाने घोडीला पुन्हा एकदा पळवायला लावलं. "आबा, ही लंगडत नाही."

"पुढचा डावा पाय हाय. नीट बघा की."

"चाकणच्या डॉक्टरांनाही दाखवलंत ना? ते काय म्हणाले?"

"त्यांचीबी नजर कच्चीच."

ओट्यावरून भागूबाई हसल्या. "डॉक्टरबाई, घोडी धडधाकट हाय. मागल्या यात्रेला पडल्यापास्नं ह्यांनाच बसायचं भ्या वाटतंय. पर गावापुढं कबूल करत्यात व्हय!"

आबा मान खाली घालून घोडीची आयाळ कुरवाळत राहिले.

उत्कर्षाला खोटं बोलायचं नव्हतं. थोडा विचार करून ती म्हणाली, "घोडी अगदी किंचित लंगडत असेल, तर ती लंगडते की नाही यावर आम्हा डॉक्टरांचंही बरेचदा एकमत होत नाही. हे मात्र खरं आहे."

आबांचा चेहरा खुलला.

"मग गावाला एवढंच सांगा, बाई. तुमचं एकमत हुईस्तोवर घोडी घरीच!"