गाळलेला हिवाळा

“मग शेवटचा हिवाळा का गाळलात?” सोसायटीतल्या बद्रीनाथ सोमणांनी विचारलं.

सोसायटीच्या हॉलमधले दिवे नुकतेच लागले होते. तापमानवाढीवरचा स्वतः केलेला हा माहितीपट ओवी आणि तिचे मित्र महिनाभर पुण्यातल्या सोसायट्यांमधून दाखवत फिरत होते. धायरीत आज गर्दी जास्त होती, कारण माहितीपट इथल्याच माणसावर होता. यज्ञेश्वर जोगळेकर, कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचे. सोसायटीशेजारच्या आपल्या बंगलीच्या अंगणातलं किमान तापमान त्यांनी छत्तीस वर्षं रोज सकाळी वहीत लिहिलं. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली होती. त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या.

वह्या टेबलावर मांडल्या होत्या. सोमणांनी त्यातली शेवटची उचलली होती.

“तुमच्या आलेखातली ती चढती रेघ पस्तिसाव्या वर्षी थांबते. आणि छत्तिसाव्या वर्षी काय लिहिलंय? नऊ. आठ पूर्णांक दोन. सात पूर्णांक आठ. म्हणजे गारठा आला की गाळायचा!”

हॉल हसला. मागून कुणीतरी म्हणालं, “अहो, इथे शेतं होती, आता सिमेंट आहे. जग तापलंय की धायरी?”

“दोन्ही, काका,” ओवी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. “ही वही आम्हाला मागच्या आठवड्यात मिळाली. तोवर एडिट लॉक झालं होतं, काही बदलता येत नव्हतं. आय स्वेअर.”

“शपथ नको. उत्तर द्या.”

लोक खुर्च्या सरकवू लागले. सगळ्याच वह्यांतले आकडे असे सोयीनं घेतले असतील, असं एक जण दुसऱ्याला सांगत होता. मंदाकिनीबाईंना ते स्पष्ट ऐकू आलं.

लग्नानंतरचा पहिला हिवाळा त्यांना आठवला. कुंपणापलीकडे ज्वारी होती आणि तिच्यावर धुकं. बंबाचा धूर वर न जाता अंगणातच रेंगाळायचा. खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवल्याशिवाय वेणी होत नसे. यज्ञेश्वर कानटोपी घालून बाहेर जात, डोळे तापमापकाच्या बरोबर पातळीवर आणत आणि श्वास रोखून आकडा वाचत. उच्छ्वासाची ऊब काचेला लागू नये म्हणून. मग आत येऊन गार हात मंदाकिनीबाईंच्या मानेला लावत आणि म्हणत, “आठ पूर्णांक चार!” जणू ती थंडी त्यांनी स्वतः आणली होती.

त्या उभ्या राहिल्या.

“ते आकडे खोटे आहेत. मी लिहिलेत.”

खुर्च्यांचा आवाज थांबला.

“त्या हिवाळ्यात ते उठू शकत नव्हते. मी वाचून यायचे. ते विचारायचे, आज किती? पहिल्या दिवशी मी खरं सांगितलं, पंधरा. ते भिंतीकडे तोंड करून पडले. दिवसभर बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी नऊ म्हटलं. तर हसले. दुलई हनुवटीपर्यंत ओढून घेतली. वही बघायला मागायचे, म्हणून लिहिलंही तेच. चाळीस दिवस. त्यांनी जन्मात एक आकडा चुकीचा लिहिला नाही हो. हे चाळीस माझ्यामुळे लागले त्यांना. ते खोडा. बाकीच्यांना हसू नका.”

मंदाकिनीबाई खाली बसल्या. यज्ञेश्वर गेल्यावर त्यांनी ती वही पुन्हा उघडलीच नव्हती. ओवीलाही त्यांनी ती बांधलेल्या गठ्ठ्यातून तशीच काढून दिली होती.

सोमण अजून टेबलापाशीच होते. खोडायच्या नोंदी कुठवर आहेत ते बघत त्यांनी पानं उलटली. नोंदी संपल्या. पुढे कोरी पानं होती. शेवटच्या पानावर त्यांचा हात थांबला. त्यांनी चष्मा सारखा केला, वाचलं आणि वही मिटायला गेले. मग मिटली नाही. तशीच उघडी घेऊन ते पहिल्या रांगेपाशी आले.

“वहिनी,” ते हळू आवाजात म्हणाले, “हे तुमचं अक्षर नाही.”

पेन्सिलीनं लिहिलेल्या चार ओळी होत्या. पडल्या पडल्या लिहिल्यामुळे त्या खाली उतरत गेल्या होत्या.

“१२ डिसेंबर ते २० जानेवारी या नोंदी हिशेबात धरू नयेत. रोज पाच-सहा अंश कमी सांगितले जात आहेत, असा अंदाज. मंदाला हे कळू देऊ नये. तिच्या तोंडून थंडी ऐकायला बरं वाटतं.”