उंट देऊन घोडा

बुद्धिबळाचा डाव मांडला की सासरे चौथ्याच खेळीला आपला उंट देऊन जावयाचा घोडा मारायचे. दरवेळी! नव्या जावयाने यामागचं मर्म शोधायला दोन जाडजूड पुस्तकं पालथी घातली आणि रविवारी घोडा गेल्या गेल्या अक्कल पाजळली.

"बाबा, आता कळलं. माझी प्यादी एकामागे एक अडकतात आणि शेवटी तुमची बाजू वरचढ होते. केवढा दूरचा विचार!"

सासरे मिशीतल्या मिशीत हसले आणि चष्मा आणायला आत गेले.

"कसला डोंबलाचा दूरचा विचार!" मटार सोलता सोलता सासूबाई हळूच म्हणाल्या. "घोडा कुठून कुठे उडी मारेल, हे यांना आजवर उमगलेलं नाही. धास्तीच घेतलीय त्याची. म्हणून आधी त्याचाच काटा काढतात."

सासरे परतले. जावयाने जरा विचार केला आणि उरलेला घोडाही त्यांच्या दुसऱ्या उंटाच्या माऱ्यात नेऊन ठेवला. सासऱ्यांनी तो लागलीच टिपला आणि ऐसपैस मागे टेकले.

"पुस्तकं वाचून बुद्धिबळ येत नसतं, जावईबापू!"

"खरंय, बाबा."

सासूबाईंनी बशीतलं शेवटचं बिस्कीट जावयापुढे सरकवलं.