बोटभर फट

सुतार पेटती मेणबत्ती खिडकीच्या चौकटीलगत हळूहळू फिरवत होता. ज्योत वाकेल तिथे फट, आणि फट दिसेल तिथे फोमची पट्टी, अशी त्याची सरळ पद्धत. सकाळपासून त्याने सगळं घर पालथं घातलं होतं. स्वयंपाकघर झालं, बाहेरची खोली झाली, न्हाणीघराची झडपही झाली. फटी सगळ्या बुजल्या, सुताराचं तोंड तेवढं उघडं राहिलं होतं.

“यंदा थंडी दाराबाहेर बसून रडेल बघा वहिनी,” तो म्हणाला. “आत यायला जागाच ठेवत नाही तिला.”

सुनेला हसू आलं नाही. तिच्या खांद्यावर बाळ खोकत होतं. त्याला गार वारा लागता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दिवसभर ऊन येणारी खोली ही एकच, म्हणून पाळणा इथे आणायचं ठरलं होतं. खिडकीशी सासऱ्यांची खुर्ची तशीच होती. गेल्या हिवाळ्यात ते याच खुर्चीत, धाप लागून गेले.

सुताराने मेणबत्ती खुर्चीच्या रुंद हातावर टेकवली आणि वरच्या कडेला पट्टी चिकटवायला घेतली. ज्योत खुर्चीकडे झुकली. थांबली. मग खिडकीकडे झुकली, आणि पुन्हा खुर्चीकडे.

“हा कुठला वारा? येतोही आणि जातोही,” सुतार म्हणाला.

वरची फट बुजली तशी ज्योत भरभर हलायला लागली. बाजूच्या बुजल्या, तेव्हा आणखी भरभर. सुताराची बडबड आपोआप थांबली. ट्रंकेतले लोकरीचे कपडे छातीशी धरून सासूबाई दारात उभ्या होत्या, त्याही जागीच थांबल्या. धापेची ही चाल घरात सगळ्यांना पाठ होती. भिंतीपलीकडून ती ऐकत त्यांनी कितीतरी रात्री जागून काढल्या होत्या.

“खालची राहू दे,” सासूबाई म्हणाल्या. “बोटभर. हे दरवर्षी ठेवायचे तेवढी.”

सुताराने पाळणा घेऊन आत आलेल्या त्यांच्या मुलाकडे पाहिलं.

“आई, बाबा गेले,” मुलगा म्हणाला. “आता बाळ आहे.” आवाज चढवला नाही त्याने, पण सुताराच्या हातातली पट्टी काढून घेतली आणि गुडघे टेकून खालच्या फटीवर अंगठ्याने दाबत नेली.

ज्योत दोन्हीकडे थरथरली. तिला कुठेच पुरतं झुकता येईना. मग ती सरळ झाली आणि तशीच राहिली.

सुताराने एरवी अशा वेळी शाबासकीची वाट पाहिली असती. पण तो काचेकडे बघत होता. खुर्चीत बसलेल्या माणसाचं तोंड येईल तेवढ्या उंचीवर, काचेला आतल्या बाजूने वाफेचा एक गोल धरला होता. कोणी काही बोलायच्या आत तो कडेकडेने आटायला लागला.

सासूबाईंनी कपडे तिथेच टाकले. सुताराची पटाशी उचलली आणि खालची पट्टी एका टोकापासून खरवडून काढली. गार वारा सगळ्यांच्या पायांना लागला. ज्योत खुर्चीकडे वाकली ती इतकी लांब, की विझतेच असं वाटलं. मग सावकाश परत आली. मुलगा घाबरला होता. पण त्याहून जास्त त्याला हायसं वाटलं, आणि त्याची त्याला लाज वाटली.

“मधल्या खोलीतली माझी खाट इकडे आणा आणि पाळणा तिथे न्या,” सासूबाई म्हणाल्या. “त्या खोलीला खिडकीच नाही. अंधार आहे, पण ऊब राहील.”

“तू इथे गारठशील, आई.”

“ह्यांच्या खिडकीपायी जन्मभर गारठतेच आहे.”

खाट आली, पाळणा गेला. सासूबाईंनी जाड स्वेटर चढवला, पायमोजे घातले आणि खाटेवर खुर्चीकडे तोंड करून बसल्या.

“तुम्ही श्वास घ्या,” त्या म्हणाल्या. “मी शाल घेते.”

सुतार आपली हत्यारं आणि मेणबत्ती घेऊन केव्हाच बाहेर सटकला होता. त्याला आता फक्त घरी जायचं होतं, पण अर्धवट काम टाकणं त्याच्या स्वभावात बसत नव्हतं. “दादा,” तो हळूच म्हणाला, “आता या दाराखालून सगळा गारठा घरात येणार.”

मधल्या खोलीत बाळ खोकलं. सुनेने नवऱ्याकडे पाहिलं.

“बुजव,” आतून सासूबाईंचा आवाज आला. “दार लावून घे आणि बुजव. माझं काही अडत नाही.”

मुलाने दार ओढून घेतलं. खाली पट्टी लावली, मग दोन्ही कडांना, मग वर. आत आई बोलत होती. डाळीला कीड लागल्याचं, नळ गळतो त्याचं, बाळाच्या खोकल्याचं. मध्येच थांबायची, बराच वेळ थांबायची, आणि मग “हो ना” म्हणून पुढे बोलायला लागायची. समोरच्याला धाप असली की असंच थांबून बोलावं लागतं.

शेवटची पट्टी बसली. सुताराने सवयीने मेणबत्ती उचलली आणि दाराच्या किल्लीच्या भोकापाशी न्यायला लागला.

मुलाने फुंकर मारून ती विझवली.

“राहू दे,” तो म्हणाला. “इथे बघायला नको.”