तिसरा फोटो

"आत एकदा सरकवला का अजिबात हलायचं नाय," काळूराम सांगत होता. "हललास तर घाव भलतीकडंच बसायचा."

वैशाखऱ्याच्या नाक्यावर तो कल्याणच्या जीपची वाट बघत बसला होता. शेजारचा जाणू सोबतीला आला होता. मुंबईच्या इस्पितळातलं एमआरआयचं मशीन काळूरामने दोनदा अनुभवलं होतं. तो त्याला बोगदा म्हणायचा. आतली ठकठक म्हणजे स्वादुपिंडातल्या कॅन्सरच्या गाठीवर पडणारे घाव, असं त्याने मनाशी धरलं होतं.

"मग खडी पडली असंल पोटात," जाणू म्हणाला. "ग्रामपंचायतीला दे. रस्त्याला व्हईल."

काळूराम हसला आणि हसता हसता त्याने पोट धरलं. त्याचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते.

त्याची मुलगी सुरेखा फाइल घेऊन मागे उभी होती. मुरबाडच्या शाळेत शिकवणारी ही बाई वर्गातसुद्धा आवाज चढवत नसे. आज तिचं डोकं ठणकत होतं. काल इस्पितळातल्या एका तरुण डॉक्टरचा फोन आला होता. तिसरा स्कॅन हवा, म्हणजे अभ्यास पुरा होईल. कसला अभ्यास, तर फोटो बघून पेशंट किती टिकेल ते आधीच सांगता येतं का, याचा. दोनदा तिथल्या डॉक्टरांनी तिच्या बापाचं पोट पडद्यावर पाहिलं, गाठीची मापं घेतली, आपसात इंग्रजीत बोलले. ज्याचं पोट, त्याला कुणी अवाक्षर सांगितलं नाही. आणि हा माणूस घाव चुकू नये म्हणून कळा गिळत, दगडासारखा पडून राहिला. शहापूरला दिलेली त्याची बहीण जिवली. अठरा वर्षांचा अबोला मोडून तिने दोनदा निरोप धाडला, भेटून जा. याने उलट निरोप दिला, "आधी गाठ फुटू दे, मग माझ्या पायांनी येतो."

जीप आली. काळूराम उठला आणि कळ येऊन तसाच वाकून खाली बसला. ड्रायव्हरने हॉर्न मारला.

"जा रे तू!" सुरेखा ओरडली. "आमाला नाय यायचं!"

जीप निघून गेली.

"अगो, नंबर जाईल ना..." काळूराम म्हणाला.

"जाऊ दे! बाबा, ती मशीन गाठ फोडत नाय. नुसता फोटो काढते. माणूस अजून किती दिवस हाय, ते बघतात त्यात. फसवलं तुमाला! एवढी शिकली-सवरलेली माणसं, एकालाबी तोंड नव्हतं सांगायला?"

काळूराम रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिला.

"किती सांगितलं?"

"दिवाळीपर्यंत." सुरेखाचा आवाज एकदम उतरला.

"कधी सांगितलं?"

"पेरणीच्या टायमाला. दुसऱ्या फोटोनंतर."

"कोणाला?"

तिने हातातली फाइल पाठीमागे नेली. गणपती चार दिवसांवर आले होते. समोरच्या खाचरात भात पोटरीला आलं होतं, कणसं बाहेर पडायच्या बेतात होती.

"ते तीन महिने माजे व्हते गो, सुरे," काळूराम म्हणाला.