कोरडी करंगळी

ती कायमची माहेरी निघाली, तेव्हा नवरा एवढंच म्हणाला, "जीपच्या डिफरन्शियलचं तेल कालच बदललंय. बिनधास्त जा."

पण मेकॅनिकचीच लेक ती. तिने जीप जॅकवर चढवली, खाली सरकून मागच्या चाकांमधल्या त्या गिअरच्या डब्याचा तेल भरायचा बोल्ट काढला आणि भोकात करंगळी घातली. करंगळी कोरडीच बाहेर आली. खालचा बोल्टही काढला, तर थेंब पडला नाही. जुनं तेल काढून नवं भरलंच नव्हतं. तेलाविना गिअर तापून वाटेतल्या घाटाच्या उतारावर मागची चाकं जाम झाली असती. विसरला असेल, तिने मनाची समजूत घातली.

जॅकपाशी त्याच्या चपला येऊन थांबल्या.

"तुला बघायला कोणी सांगितलं होतं?" त्याने शांतपणे विचारलं, आणि वाकून जॅकचा दांडा हातात घेतला.