दुसरा कंस

सुंदराने तिसऱ्यांदा एकच उत्तर लिहिलं आणि खाली रेघ मारली. शालिग्रामने लाल पेन्सिल पाटावर आपटली. तिचं टोक मोडलं, आणि त्याचाही राग त्याने बायकोवरच काढला.

"दुसऱ्या कंसाचं काय?"

वहीत क्ष² − ७क्ष + १२ = ० होतं. गुणाकार बारा आणि बेरीज सात, म्हणजे तीन आणि चार, हे तिने पेन्सिल टेकायच्या आधीच सांगितलं होतं. (क्ष − ३)(क्ष − ४) = ० इथवर ती धावत यायची. पुढे पहिला कंस सोडवून क्ष = ३ लिहायची आणि घर आल्यासारखी थांबायची. अडुसष्टच्या मार्चमध्ये याच सवयीने तिची एस.एस.सी. हुकली. आता ऑक्टोबरचा फॉर्म भरून झाला होता.

शालिग्राम सुरतेतल्या एका मराठी हायस्कुलात गणित शिकवायचा. वर्गातल्या चाळीस पोरांना जे डोळे मिटून शिकवता येतं, ते घरातल्या एका बाईच्या गळी उतरत नाही, याने त्याचा जीव जळत होता. त्यात शेजारच्या कापड कारखान्यातले लूम रविवारीसुद्धा खडखडत होते. म्हणून ओरडून शिकवावं लागत होतं, आणि ओरडायचंच म्हटल्यावर शिकवणं मागे राहत होतं.

"ऐक. दोघांचा गुणाकार शून्य आला, म्हणजे दोघांपैकी कोणीतरी एक शून्य असणारच. कोण, ते नुसतं बघून कळतं?"

"नाही."

"मग पहिल्यालाच धरून का बसतेस? दोन्ही कंस तपासायचे. एक तपासून दुसरा सोडला, तर ते अर्धं गणित. अर्ध्या गणिताला मी मार्क देत नाही."

आतून त्याच्या आईचा, काशीबाईंचा आवाज आला. "शालिक, सकाय बारडोलीले जावानं शे. तिले उपाशी ठेवजो. चहा बी नको."

"हो, आई."

बारडोलीची डॉक्टरीण तिसरी. लग्नाला आठ वर्षं होऊन पाळणा हलला नव्हता. सुरतेतल्या दोन डॉक्टरांनी सुंदराला असंच उपाशीपोटी टेबलावर घेऊन पिशवी साफ केली होती. दुसऱ्या वेळी ती आठ दिवस भिंत धरून चालली. हिच्यात काही दोष नाही, असं त्या दुसऱ्या डॉक्टरने सांगितलं आणि चिठ्ठी लिहून दिली. चिठ्ठी शालिग्रामने खिशात घातली. त्या चिठ्ठीचा विषय घरात पुन्हा निघाला नाही.

सुंदरा वहीतल्या दोन कंसांकडे बघत राहिली. आता रडू येणार असं तिला वाटलं होतं, पण आला तो राग. ती उठली आणि तिने फळीवरून नवऱ्याचं लॉगॅरिथमचं पुस्तक काढलं. त्यातली कोष्टकं तिला कळत नसत, पण धूळ पुसताना आत काय दडवलंय ते कळलं होतं. चार घड्यांची चिठ्ठी उलगडून तिने वहीवर ठेवली. वर तिचं नाव, त्यापुढे चार तपासण्या आणि चार बरोबरच्या खुणा. खाली गुजरातीत लिहिलं होतं, पतीची तपासणी. पुढची जागा कोरी होती.

"हे वेगळं आहे," शालिग्राम म्हणाला. हे मात्र तो हळू बोलला.

"कसं वेगळं, ते समजावून सांगा. मला लवकर कळत नाही ना."

त्याने ब्लेड घेतलं आणि तो लाल पेन्सिलीला टोक करायला लागला. टोक झालं तरी तासतच राहिला. पाटावर लाल भुसा साचत गेला.

"झायं का तिनं गणित?" काशीबाईंनी आतून विचारलं.

"अर्धं झालं, आत्याबाई," सुंदरा म्हणाली. "आणि उद्या सकाळी मी चहा घेणार आहे."